आधी वाटणीचा हिशेब बघा

'दक्षिण सुदानला संघराज्य परवडणारं नाही' असं म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. २०१५ मध्ये तिथे १० राज्यांची २८ केली, पुढे ३२, आणि २०२० मध्ये परत १०. खुर्च्या वाढल्या, महसूल जवळजवळ सगळा तेलाचाच राहिला. तेल निघतं त्या राज्यांना २ टक्के आणि तिथल्या लोकांना ३ टक्के वाटा कायद्यातच आहे; प्रश्न तो पोचण्याचा आहे.

२०१२ मध्ये आमच्या डिचोली-सांग्यात खाणी बंद पडल्या, ट्रकवाले पार बसले. पण गोव्याच्या तिजोरीमागे केंद्र होतं. त्याच वर्षी जुबाने, म्हणजे दक्षिण सुदानच्या केंद्र सरकारने, सुदानशी भांडून तेल बंद केलं, तेव्हा केंद्रच रिकामं झालं. अशा ठिकाणी राज्यं कुणाकडे बघणार?