ओल्ड कोर्स खेळून आलो, पण त्यात एवढं काय आहे ते कळलंच नाही

बोगीबहाद्दर:
मंडळी, आधीच सांगतो, शिव्या घालू नका. लेक-जावई एडिंबरोला असतात, मे महिन्यात त्यांच्याकडे गेलो होतो तेव्हा जावईबापूंनी सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर, म्हणजे गोल्फच्या त्या प्रसिद्ध जुन्या मैदानावर, खेळायच्या बॅलटमध्ये (सोडतीत) आम्हा दोघांची नावं टाकली आणि पहिल्याच झटक्यात नंबर लागला. रात्रभर झोप नाही. बारा वर्षं पुण्यात गोल्फ खेळतोय, हँडिकॅप १७ (म्हणजे मध्यम खेळाडू), टीव्हीवर हा कोर्स इतक्यांदा बघितलाय की डोळे मिटून चालेन असं वाटत होतं.

आणि पहिल्या टीवर (पहिला फटका मारायच्या जागी) उभा राहिलो तर समोर नुसतं मैदान हो! झाड नाही, तळं नाही, पहिलं आणि अठरावं होल (टीपासून भोकापर्यंतचा टप्पा) एकाच गवतावर शेजारी शेजारी, एखादं परेड ग्राउंड असावं तसं. पुढे तर फेअरवे (कापलेलं गवत) कुठे संपला नि रफ (वाढलेलं गवत) कुठे सुरू झाला तेच समजेना. ग्रीन, म्हणजे भोकाभोवतीची गुळगुळीत हिरवळ, एवढाली मोठी की एकेका ग्रीनवर दोन दोन झेंडे. पाचव्या होलला मी झकास बॉल झेंड्यापाशी टाकला, रुबाबात पुटर (ग्रीनवर बॉल घरंगळवायची काठी) काढला, तर कॅडी (सोबतचा मदतनीस) म्हणतो साहेब तो लाल झेंडा तेराव्याचा, तुमचा पांढरा तिकडे. तिकडे म्हणजे मोजून पन्नास पावलं. पुटरचे चार फटके (पट) लागले.

तेही चालवून घेतलं. पण बाराव्याला दिवसातला सगळ्यात सुंदर ड्राइव्ह (टीवरचा लांब फटका) बसला, अगदी मधोमध, जावई पण वा म्हणाले, आणि जाऊन बघतो तर बॉल बंकरात, वाळूच्या खड्ड्यात. टीवरून तो बंकर दिसतच नाही! खांद्याएवढी भिंत, दोनदा मारला, दोनदा पायाशी परत आला, शेवटी तोंड फिरवून मागे काढला.

आता मला सांगा, ही कसली रचना? सरळ मारणाऱ्यालाच शिक्षा? आज कुणी असा कोर्स बांधून दिला तर क्लबवाले त्याचं बिल तरी पास करतील का? की जुना आहे म्हणून आपण नुसते हात जोडायचे?

फोर_म्हणा:
बाराव्याचा तो बंकर तुमच्यासाठी नाहीच, तो उलट्या दिशेने येणाऱ्यासाठी आहे 😀

गंमत नाही करत. हा कोर्स पूर्वी दोन्ही बाजूंनी खेळायचे, आजच्यासारखा आणि उलटाही, म्हणजे पहिल्या टीवरून सतराव्याच्या ग्रीनवर, अठराव्याच्या टीवरून सोळाव्याच्या ग्रीनवर असं. गवताला आलटून पालटून विसावा मिळायचा. उलट्या बाजूने येणाऱ्याला ते बंकर ढळढळीत दिसतात, आपल्याला फक्त त्यांची पाठ दिसते आणि पाठीवर गवत असतं. आणि रचना कसली म्हणताय, आराखडा काढून हा कोर्स कुणी बांधलेलाच नाही. १७६४ पर्यंत इथे २२ होलांची फेरी होती, मग सुरुवातीची काही छोटी होल्स एकत्र करून १८ केली, आणि पुढे तोच आकडा जगाने उचलला. एकोणिसाव्या शतकात तिथली निगा राखणाऱ्या ओल्ड टॉम मॉरिसने पहिलं आणि अठरावं ग्रीन नव्याने केलं, बाकी वारा, वाळू, मेंढरं आणि लोकांचे पाय. डबल ग्रीनचंही तेच, एकच होल जाताना नि येताना वापरायचे, गर्दी वाढल्यावर ग्रीन रुंद करून त्यात दोन भोकं पाडली. ज्यांची ग्रीन जोडीची आहेत त्या होलांची बेरीज करून बघा, २ आणि १६, ३ आणि १५, तुमचं ५ आणि १३, प्रत्येक वेळी १८ येते. पुढच्या वेळी झेंडा चुकणार नाही.

पुटरवाली_ताई:
दादा, तुमचा राग समजला पण मला उलट हा कोर्स फार आवडला आणि कारण सांगते. माझा ड्राइव्ह जेमतेम १६० यार्ड जातो. आपल्याकडच्या बहुतेक नव्या कोर्सवर मी तिसऱ्या-चौथ्या होललाच हरलेली असते कारण समोर पाणी असतं आणि ते हवेतून ओलांडायचंच असतं, दुसरा रस्ताच नाही. भाऊ फ्लोरिडात असतो, त्याच्यासोबत तिथल्या सॉग्रासच्या कोर्सवर ते प्रसिद्ध सतरावं होल खेळले, चोहीकडे पाणी आणि मधे ग्रीन. मूळ बेत तसा नव्हता म्हणे, बाजूची चांगली वाळू दुसरीकडे वापरायला उपसता उपसता मोठा खड्डा पडला आणि कोर्सची आखणी करणाऱ्या पीट डाय यांच्या बायकोने, ॲलिस डाय यांनी, सुचवलं की ग्रीनचं बेटच करा. बघायला भारी, पण विचार कसला करायचा तिथे? लागला तर लागला नाहीतर बुडाला. माझे तीन बुडाले, भाऊ अजून हसतो.

ओल्ड कोर्सवर मला कुणी अडवत नाही. ग्रीनच्या तीस यार्ड आधीपासून मी चक्क पुटरने मारत होते, गवत इतकं तुकतुकीत नि जमीन इतकी टणक. पण सोपी बाजू धरली की पुढचा फटका अवघड, ही अट. त्यांचं सतरावं घ्या ना, रोड होल. उजवीकडे हॉटेल, पलीकडे आउट ऑफ बाउंड्स (हद्दीबाहेरची जागा). हॉटेलच्या भिंतीला जितकं चिकटून माराल तितका ग्रीनचा कोन चांगला मिळतो. घाबरून डावीकडे मारलात (मी मारला) की ग्रीन आणि तुमच्या मधे तो रोड बंकर येतो आणि ग्रीनच्या मागे डांबरी रस्ता, त्यावर बॉल गेला तर तिथूनच मारायचा, सवलत नाही. म्हणजे दंड लगेच नाही, पुढच्या फटक्याला वसूल. आमची आजी सारीपाटात असंच करायची, आधी जाऊ द्यायची मग धरायची.

म्हणून विचारते, बाराव्याला मधोमधच का मारलात? कॅडीने काही सांगितलं नव्हतं?

निवृत्त_सुभेदार:
ताईंनी बरोबर जागी बोट ठेवलं. आपल्याला मधोमध मारायची सवय कोर्सनेच लावलेली असते, दोन्हीकडे झाडांच्या भिंती, मधे हिरवी पट्टी, की मारा सरळ.

माझी सुरुवात एका कॅन्टोन्मेंटच्या कोर्सवर झाली, तिथे ग्रीन नव्हतीच, ब्राउन होती. वाळूत तेल कालवून थापलेली. पट मारायच्या आधी कॅडी फळी ओढून बॉलपासून भोकापर्यंत वाट करायचा. उन्हाळ्यात फेअरवे म्हणजे भाजलेली जमीन, बॉल उंच टाकला तर उडून काट्यात जायचा, म्हणून चाळीस पावलं अलीकडे टाकून घरंगळत न्यायला शिकलो. नंतर पाणी मारलेल्या मऊ कोर्सवर गेलो आणि ती विद्या वाया गेली. स्कॉटलंडला गेलो तर चौथ्या होलापर्यंत हात आपोआप जुन्या सवयीवर आला.

जमिनीचंच आहे सगळं. कोकणात पुळण संपते आणि शेतं सुरू होतात त्याच्या मधे सुरूची बनं असतात बघा, तसला पट्टा. समुद्र मागे हटला, वाळू राहिली, नांगराला नालायक. त्यालाच ते लिंक्स म्हणतात. पाऊस पडला की तासाभरात पाणी खाली. आपल्या काळ्या मातीत हे होणार नाही, कितीही पैसे ओता.

खडूस_काका:
सगळे एवढे भारावलेत म्हणून मी जरा थंड पाणी ओततो. निम्मी चव नावाची असते. तोच बंकर आपल्या क्लबात असता तर कमिटीच्या मीटिंगमध्ये खुर्च्या उडाल्या असत्या. आमच्याकडे एका नामांकित आर्किटेक्टकडून कोर्स नवा करून घेतला, ‘लिंक्सचा फील’ म्हणून उघडी टेकाडं केली, पहिल्या पावसात अर्धी टेकाडं फेअरवेवर आणि बॉल चिखलात. नाव घेत नाही.

पण प्रामाणिकपणे हेही सांगतो की पहिल्या भेटीत हा कोर्स न आवडणारे बोगीबहाद्दर एकटे नाहीत. अमेरिकेचा नामी खेळाडू बॉबी जोन्स १९२१ च्या ओपनला (ब्रिटिश ओपन स्पर्धेला) तिथे आला, अकराव्याच्या बंकरमध्ये अडकला आणि वैतागून ती फेरीच सोडली. त्याच माणसाने १९२७ ला तिथेच ओपन जिंकली, आणि पुढे अमेरिकेत ऑगस्टाचा कोर्स बांधायला निवडला कोण तर ॲलिस्टर मॅकेन्झी, ज्याने ओल्ड कोर्सचा बंकर न् बंकर मोजून १९२४ साली नकाशा केला होता. पेशाने डॉक्टर, बोअर युद्धात खंदक लपवायची कला बघून आलेला. दिसतं एक आणि असतं एक, हे त्याला तिथे बरोब्बर उमगलं असणार.

आणि बंकरचं मनाला लावून घेऊ नका. १९९५ च्या ओपनला जॅक निकलससारख्या दिग्गजाने चौदाव्याला हेल नावाच्या बंकरात चार फटके घालवले, होलचे १० झाले. तुमचे किती?

बोगीबहाद्दर:
काका, आठ 🙈 म्हणजे निकलसपेक्षा दोनने बरा.

ताई, कॅडी बोलला होता. तो म्हणाला होता डावीकडे मार, मी म्हटलं मधे एवढी जागा रिकामी आहे की. तो ‘ओके सर’ म्हणाला आणि गप्प बसला, आता कळतंय का.

अजून एक. रविवारी कोर्स खेळायला बंद असतो, गावातले लोक कुत्री घेऊन फिरत असतात, आम्हीही नातवाची गाडी ढकलत थेट खाडीपर्यंत गेलो होतो. परत येताना बाराव्याच्या ग्रीनवरून टीच्या दिशेने एक फोटो काढला होता, नातू पुढे आणि मागे आकाश. फोर_म्हणा यांचं वाचलं आणि आत्ता तो फोटो उघडून मोठा करून बघितला. बंकर रांगेने तोंड उघडून बसलेत, नातवाच्या डोक्याच्या बरोब्बर मागे. त्या दिवशी फोटो काढताना एकही दिसला नव्हता मला.

जावयाला पाठवलाय. तो म्हणतो ऑक्टोबरमध्ये या, बॅलट टाकतो.