मदत हवी आहे: भरलेल्या कोळसा खाणीशेजारचा पिझोमीटर कायमचा बंद करायचा आहे

पाझर
चंद्रपूर जिल्ह्यातली खुली खाण. खड्डा ओबीने (कोळशावरून काढलेली माती-दगड) भरून वर झाडं लावून झालीत, उपसा पंप बंद होऊन दोन वर्षं झाली. भरावाच्या कडेला, न खोदलेल्या बाजूच्या एका पिझोमीटरवरून (भूजलाची पातळी आणि प्रत तपासायची बोअर) आता रस्ता जाणार आहे. खोली ६० मीटर, बोअर १५० मिमी, आत ११० मिमी पीव्हीसी केसिंग (आतून साधारण १००). जाळीचा पाइप ४२ ते ५४ मीटरवर, कामठी वालुकाश्मात (इथला पाणी धरणारा खडकाचा थर). केसिंग आणि बोअरच्या भिंतीमधली गिट्टी कुठपर्यंत भरली याची नोंद नाही. पाणी १४ मीटरवर, वर्षभरात ३ मीटर चढलं. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मे महिन्यात ९००, नोव्हेंबरात १४५०, पीएच ७.२. कंत्राटदार म्हणतो, वाळू ओतून तोंडावर काँक्रीट टाकू. चालेल का? सिमेंट किती लागेल?

दगडधोंडे
वाळू नकोच. वाळूतून पाणी सहज जातं, म्हणजे भरावातल्या खारट पाण्याला कामठीत उतरायला तुम्ही आयती नळी करून द्याल. आसपासच्या गावांच्या बोअर त्याच कामठीवर चालतात.

त्याआधी एक विनंती: पाणी अजून चढतंय, तेव्हा हा पिझोमीटर इतक्यात बुजवू नका. पीएच ७.२ बघून निश्चिंत होऊ नका. पायराइटचं (लोह-गंधकाचं खनिज) आम्ल ओबीतल्या चुनखडीने शमतं, पण सल्फेट आणि कॅल्शियम पाण्यातच राहतात. चढतं पाणी कोरड्या भरावात साचलेले क्षार धुऊन आणतं, म्हणून टीडीएस वाढलेला असू शकतो. सल्फेट वेगळं तपासा. पिण्याच्या पाण्याला आयएस १०५०० या भारतीय मानकाची सल्फेटची मर्यादा २०० मिग्रॅ प्रति लिटर, दुसरा स्रोत नसेल तर ४००. रस्त्याच्या पलीकडे त्याच थरात, तितक्याच खोलीवर नवा पिझोमीटर घ्या. निदान एका मे महिन्यात आणि एका नोव्हेंबरात जुन्या-नव्या दोन्हींची मोजणी सोबत करा, नाहीतर जुनी आणि नवी आकडेवारी जुळवता येणार नाही.

नमुना घेताना पाइपातलं साचलेलं पाणी आधी काढा. ४६ मीटर पाण्याचे साधारण ३६० लिटर होतात. तितकं पाणी तीनदा उपसा आणि ईसी (पाण्याची विद्युतवाहकता) सलग तीन वेळा ३ टक्क्यांच्या आत स्थिर झाली की बाटली भरा. लोहाचा नमुना जागेवरच ०.४५ मायक्रॉन फिल्टरने गाळून नायट्रिक आम्लाने पीएच २ च्या खाली आणा. तसं न केल्यास लोह बाटलीच्या तळाशी तांबूस बसतं आणि प्रयोगशाळेचा आकडा खोटा कमी येतो.

पाझर
समजलं, नवा घेऊनच जुना बंद करू. पण गिट्टी वरपर्यंत असेल तर?

काळी माती
तोच खरा धोका. केसिंगभोवती दीड-दोन मीटर खोदून बघा. तोंडाभोवतीच्या कॉलरखाली मातीचा किंवा सिमेंटचा थर न लागता सरळ गोल गिट्टी हाताला लागली, तर ती बहुधा खालपर्यंत आहे. मग आतून कितीही सिमेंट भरा, पाणी बाहेरून उतरतच राहणार. अशा वेळी रोटरी रिगने (फिरवून खणणारं बोअर यंत्र) १६५ मिमी बिट (खणायचं टोक) घालून केसिंग आणि गिट्टी दोन्ही खणून काढा. बिटच्या पुढे पाइपात बसणारा दांडा हवा, नाहीतर बिट बाजूला सरकतं आणि अर्धं केसिंग तसंच राहतं.

हिशेब: सिमेंटच्या ५० किलोच्या गोणीत २५ लिटर पाणी म्हणजे साधारण ४१ लिटर घोळ. १६५ मिमी भोकाला मीटरला २१.४ लिटर, ६० मीटरला १२८४. म्हणजे ३२ गोणी, गळतीसाठी २५ टक्के वाढवून ४० मागवा. गिट्टी वरपर्यंत नाही आणि नुसतं केसिंगच भरायचंय, असं असेल तर ४७१ लिटर, गळती धरून १५ गोण्यांत भागेल. पण केसिंग भरताना २० मीटरचा एक टप्पा करा आणि मध्ये २४ तास थांबा. जड घोळाच्या दाबाने पीव्हीसीचे सांधे फुटतात.

घोळात गोणीमागे एक किलो बेंटोनाइट (पाण्यात फुगणारी चिकणमाती) घाला, त्यासाठी ५ लिटर पाणी जास्त. बेंटोनाइट आधी पाण्यात फुगू द्या, मग सिमेंट घाला. उलट केलं तर ते फुगतच नाही. पाण्यात सल्फेट जास्त असेल तर सल्फेटरोधक किंवा स्लॅग सिमेंट घ्या.

४० मिमी पाइप तळापासून अर्धा मीटर वर ठेवून खालून वर भरा. पाइपाचं टोक कायम दोन मीटर घोळात बुडालेलं पाहिजे. बाहेर आलं की घोळ पाण्यातून खाली पडताना फुटतो, सिमेंट धुऊन जातं. वर आधी गढूळ पाणी येईल, मग पातळ राखाडी. बाहेर येणारा घोळ टाकीतल्याइतका दाट होईपर्यंत पंप थांबवू नका (टप्प्यांनी भरत असाल तर हे शेवटच्या टप्प्यात). पंप जड चालला की मजूर पाणी वाढवतात, तिथेच उभं राहा. जादा पाण्याचा घोळ नंतर खाली बसतो आणि भिंतीपासून सुटतो.

दुसऱ्या दिवशी पातळी हमखास खाली गेलेली दिसेल, ती पुन्हा भरा. वरचा दीड मीटर केसिंग कापून टाका, कारण आपली काळी माती फुगते-आकसते आणि घट्ट झालेला सिमेंटचा ठोकळा हलवते. त्या दीड मीटरात आजूबाजूची माती थरांनी ठोकून भरा. किती गोणी गेल्या, अक्षांश-रेखांश आणि तारीख नोंदवा. हिशेबापेक्षा बऱ्याच कमी गोणी गेल्या असतील तर मध्ये कुठे पोकळी राहिली आहे.