चेंडू ग्रीनपासून मागे येत निवडावा, की टीपासून पुढे जात?

फेरीअखेर (धागाकर्ता)

गोल्फचा चेंडू कोणता घ्यावा असे कोणी विचारले की त्याला बहुधा एकच उलट प्रश्न केला जातो: तुमचा स्विंग किती वेगाचा आहे? वेग कमी असेल तर मऊ चेंडू, जास्त असेल तर कडक, आणि विषय संपला. हा सल्ला चुकीच्या टोकाला धरून, म्हणजे खळगा असलेल्या ग्रीनऐवजी पहिला फटका मारतात त्या टीला धरून दिला जातो असे माझे मत आहे, म्हणून हा धागा काढत आहे.

हिशेब साधा आहे. ७२ पारच्या, म्हणजे ७२ फटक्यांत संपणे अपेक्षित असलेल्या कोर्सवर अठरा होलांपैकी प्रत्येक होलला दोन पट (ग्रीनवर चेंडू घरंगळवणारे फटके) गृहीत धरलेले असतात, म्हणजे ३६ फटके पटरचे झाले. तीन पारचे चार होल वगळले तर ड्रायव्हर (टीवरून लांब मारण्याचा क्लब) फार तर १४ वेळा हातात येतो. उरलेल्या फटक्यांपैकी बरेचसे ग्रीनच्या आसपास खर्च होतात, आणि हँडिकॅप जितका मोठा, म्हणजे खेळाडू जितका कच्चा, तितके ते अधिक. एवढ्या चौदा फटक्यांकडे बघून चेंडू निवडायचा आणि बाकी सगळा खेळ त्याच्या गळ्यात मारायचा, हे सापडलेल्या नालेसाठी घोडा विकत घेण्यासारखे आहे.

परवा सरावाच्या ग्रीनवर मी एक साधा प्रयोग केला. कडेपासून साधारण पंचवीस यार्डांवर, आखूड गवतात, तीन चेंडू आयोनोमरच्या आवरणाचे आणि तीन युरेथेनच्या आवरणाचे (दोन्ही प्लास्टिकचेच प्रकार) ठेवले आणि जवळच्या, उंच फटक्यांसाठीच्या एकाच वेजने, जमेल तितक्या सारख्या हाताने मारले. आयोनोमरचे चेंडू उंच उठले, मऊपणे उतरल्यासारखे वाटले आणि मग झेंडा ओलांडून निवांत धावत गेले. युरेथेनचे खालून गेले, पहिल्या टप्प्याला पुढे उसळले आणि दुसऱ्या टप्प्याला कोणीतरी मागून सदरा ओढावा तसे अडखळले. असे होण्याचे कारण आवरणात आहे. मऊ युरेथेनचा पातळ थर, त्याच्या आतला कडक थर आणि क्लबचा चेहरा यांच्यामध्ये चिमटला जातो आणि चेहऱ्यावरच्या खाचांना धरून बसतो, त्यामुळे स्पिन, म्हणजे चेंडूचे फिरणे, वाढते आणि उड्डाणाचा कोन खाली येतो. आयोनोमर टणक आणि चिवट असते. ते चेहऱ्यावरून वर घसरते.

म्हणून माझे म्हणणे असे की निवड पटरपासून सुरू करावी, मग चिप (ग्रीनजवळचा छोटा फटका), मग वेजचा पूर्ण फटका, मग आयर्न, आणि ड्रायव्हरला सर्वांत शेवटी विचारावे. तिथपर्यंत दोनच चेंडू स्पर्धेत उरलेले असतील, आणि त्या दोघांत ड्रायव्हरने पडणारा फरक तुमच्या एका फटक्याच्या आणि दुसऱ्या फटक्याच्या फरकापेक्षा कमीच असेल.

नव्वदीपार

आपला हिशेब कागदावर बिनचूक आहे, परंतु तो ज्याचा चेंडू ग्रीनपर्यंत पोहोचतो त्याचा हिशेब आहे. माझ्यासारखा खेळाडू एका फेरीत तीन-चार चेंडू झाडीला आणि पाण्याला अर्पण करतो. शोधायला तीन मिनिटे मिळतात, नाही सापडला तर एक दंडाचा फटका सोसून पुन्हा मागच्या जागेवरून मारावे लागते. म्हणजे टीवर हरवलेल्या एका चेंडूने माझे दोन फटके गेले, आणि दुसऱ्या टप्प्याला अडखळणाऱ्या चिपने ते परत मिळवायचे म्हटले तर किती चिपा लागतील?

माझा आजार स्लाइसचा, म्हणजे चेंडू हवेत एका बाजूला वळत जाण्याचा आहे. दोन थरांचा, टणक आवरणाचा, कमी फिरणारा चेंडू कमी वळतो, एवढे मला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. शिवाय एक मानसिक बाजू आहे, तिच्याकडे मुरलेले खेळाडू दुर्लक्ष करतात. महागडा चेंडू टीवर ठेवून समोर तळे पाहिले की माझी मनगटे आवळतात. म्हणून पाण्याच्या होलला मी पिशवीतून एखादा जुना, खरचटलेला चेंडू काढतो, आणि गंमत अशी की तो बहुतेक वेळा पलीकडे जातो.

खळीदार

दोघांचेही थोडे थोडे चुकते आहे, म्हणून भौतिकशास्त्राची बाजू मांडतो.

पहिली गोष्ट वळण्याची. चेंडूला मागे फिरणारी एक आणि बाजूला फिरणारी दुसरी अशा दोन वेगळ्या स्पिन नसतात. तो एकाच अक्षाभोवती फिरतो आणि तो अक्ष कलला की चेंडू वळतो. अक्षाचा कल चेंडू ठरवत नाही. क्लबचा चेहरा आणि स्विंगची वाट यांच्यातला कोन तो ठरवतो. त्याच कलाला फिरणे कमी असेल तर वळण थोडे कमी होते, इतपत नव्वदीपार यांचे निरीक्षण खरे आहे. परंतु आजचा तीन-चार थरांचा युरेथेनचा चेंडू ड्रायव्हरला पूर्वीसारखा भणभण फिरत नाही. ड्रायव्हरचा जोरदार फटका चेंडूच्या गाभ्यापर्यंत पोहोचतो आणि मिनिटाला अडीच हजारांच्या आसपास फेरे होतात. वेजचा फटका बाहेरच्या थरांशीच खेळतो आणि तिथे फेरे आठ-दहा हजारांवर जातात. एकाच चेंडूकडून या दोन परस्परविरोधी गोष्टी करून घेण्यासाठीच थर वाढवले गेले.

दुसरी गोष्ट कॉम्प्रेशनची, म्हणजे चेंडू किती कडक वा मऊ याची, कारण या धाग्याची सुरुवातच तिथून झाली आहे. कोबर्न हॅस्केल याने १८९८ मध्ये रबराचा ताणलेला धागा गाभ्याभोवती गुंडाळून चेंडू बनवला, आणि पुढे शंभर वर्षे उत्तम चेंडू म्हणजे असा गुंडाळलेला चेंडू हेच समीकरण राहिले. धागा किती घट्ट गुंडाळला यावर चेंडूचा कडकपणा ठरत असे. २००० साली टायटलिस्टचा प्रो व्ही-वन आला आणि घन गाभ्यावर युरेथेनचे आवरण ही रचना व्यावसायिक खेळात इतक्या झपाट्याने पसरली की गुंडाळलेले चेंडू पाहता पाहता अडगळीत गेले. चेंडू गेले, पण त्यांच्या काळातली समजूत मात्र राहिली: संथ स्विंगवाल्याला कडक चेंडू ‘दाबता’ येत नाही. वस्तुतः क्लब आणि चेंडू यांची भेट जेमतेम अर्ध्या सहस्रांश सेकंदाची असते आणि तेवढ्यात प्रत्येक चेंडू प्रत्येक खेळाडूकडून दाबला जातोच, कमी-अधिक, एवढेच. वेगवान स्विंगला मऊ चेंडू गती गमावतो. वेग कमी होत जाईल तसा हा तोटा आक्रसतो, परंतु उलटून फायदा होत नाही.

उलट एक धोका आहे. मऊ चेंडू सहसा कमी फिरतात. ज्याचा स्विंग संथ आहे त्याचा चेंडू मुळातच कमी उंच जातो. त्याला हवेत तोलून धरायला थोडी स्पिन लागते. चेंडूवरच्या खळ्यांमुळे त्याला चिकटून वाहणारी हवा खळबळते आणि जास्त वेळ चिकटून राहते, त्यामुळे मागचा ओढा घटतो; आणि मागे फिरणारा चेंडू हवेला खाली ढकलत स्वतः वर उचलला जातो. हे उचलणे फिरण्यावर अवलंबून असते. संथ खेळाडूला सर्वांत कमी फिरणारा चेंडू देणे म्हणजे आधीच अशक्त पंखांची पिसे उपटणे होय.

संथस्विंग

खळीदार यांच्या आकडेवारीशी मी भांडणार नाही, परंतु चेंडू यंत्र मारत नाही, माणूस मारतो. मी बरीच वर्षे खेळतो आहे, कोपर दुखते, आणि थंडीच्या सकाळी कडक चेंडू आयर्नच्या टोकाकडे लागला की जी झिणझिणी खांद्यापर्यंत जाते तिची नोंद कोणत्याही तक्त्यात होत नाही. मऊ चेंडूने मला दोन यार्ड कमी मिळत असतील, मिळोत. शेवटच्या चार होलांवर हात आखडून न घेता स्विंग पूर्ण करता येतो, यातून मिळणारे यार्ड कोणी मोजले आहेत का?

आणि पटरचा मुद्दा स्वतः धागाकर्त्यानेच पुढे आणून अर्धवट सोडला आहे. पटरवर चेंडूची ‘भावना’ म्हणून आपण जे सांगतो त्यातला मोठा भाग आवाजाचा असतो. कडक चेंडू ‘टक्’ करतो, मऊ चेंडू ‘डब्’ करतो. कानाला एका आवाजाची सवय झाली की लांबच्या पटचा जोर त्या आवाजावरून ठरतो. मला ‘डब्’ची सवय आहे, आणि कडक चेंडूने मी हटकून पट चार फूट आखूड ठेवतो, कारण तो मोठा आवाज ऐकून हात नकळत आवरता घेतला जातो.

नियमावली

अंतराबद्दल जे दावे होतात त्यांना नियमांची चौकट माहीत असावी, म्हणून लिहितो. आर अँड ए आणि यूएसजीए या गोल्फचे नियम करणाऱ्या दोन संस्थांच्या नियमांनुसार चेंडूचे वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा जास्त नसावे आणि व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी नसावा. सुरुवातीच्या गतीवर मर्यादा आहे, आणि ठरलेल्या चाचणीत चेंडूने एकूण किती अंतर कापावे यावरही मर्यादा आहे: ३१७ यार्ड, अधिक तीन यार्डांची सवलत. ही चाचणी क्लबच्या ताशी १२० मैल वेगाने होत आली. तो वेग १२५ मैलांवर नेण्याचा निर्णय डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर झाला, म्हणजे तो लागू झाल्यावर तीच मर्यादा अधिक कडक ठरते. छत इतके ठेंगणे असताना आणि अंतरासाठी बनवलेले नामांकित चेंडू त्या छताला डोके लावून उभे असताना, खोक्यावर ‘सर्वांत लांब’ असे छापण्याला फारसा अर्थ उरत नाही. या बाबतीत मी धागाकर्त्याच्या बाजूने आहे.

नव्वदीपार यांच्या जुन्या चेंडूबद्दल: होल सुरू करताना चेंडू बदलायला नियमाची हरकत नाही. फेरीभर एकाच जातीचा चेंडू वापरण्याची अट हा स्थानिक नियम असतो आणि तो प्रामुख्याने व्यावसायिक स्पर्धांत लावला जातो. मात्र होल चालू असताना नुसता खरचटला म्हणून चेंडू बदलता येत नाही. तो फाटलेला किंवा तडकलेला असावा लागतो. आणि संथस्विंग यांनी थंडीच्या सकाळी चेंडू मुद्दाम गरम करून मऊ करण्याचा मोह टाळावा, कारण तेही नियमबाह्य आहे.

नव्वदीपार

नियमावली यांचे आभार. खळीदार यांचे अक्षाबद्दलचे म्हणणे मान्य. माझा स्लाइस माझाच आहे, चेंडूवर ढकलत नाही. पण धागाकर्त्याच्या प्रयोगाबद्दल एक शंका आहे. तीन-तीन चेंडू फारच थोडे, हे एक. दुसरे आणि महत्त्वाचे म्हणजे ते सगळे आखूड, कोरड्या गवतातून मारलेले होते. ग्रीनच्या बाजूला माझा चेंडू तिथे क्वचितच थांबतो. तो रफमध्ये, म्हणजे वाढलेल्या गवतात असतो, सकाळी दवात भिजलेल्या. चेंडू आणि खाचा यांच्यामध्ये गवताचा आणि पाण्याचा थर आला की युरेथेन काय आणि आयोनोमर काय, दोन्ही साबणासारखे निसटतात. ज्या फटक्यासाठी महाग आवरण घ्यायचे, तो फटका मला फेरीत दोनदा-तीनदाच मिळत असेल तर?

फेरीअखेर (धागाकर्ता)

हा आक्षेप रास्त आहे आणि तो मी मूळ लेखात विचारात घ्यायला हवा होता. कालच त्याच जागेच्या मागे, घोट्याएवढ्या ओल्या रफमधून, दोन्ही प्रकारचे दहा-दहा चेंडू मारून पाहिले. फरक जवळपास पुसला गेला. दोन्ही उडाले, दोन्ही धावले, आणि कोणता कोणता हे ग्रीनवर जाऊन खूण पाहिल्यावरच कळले. म्हणून माझ्या विधानात एवढी दुरुस्ती करतो की ज्याचे ग्रीनजवळचे बहुतेक फटके ओल्या रफमधून होतात, त्याला युरेथेनचा लाभ आज तरी थोडाच मिळेल.

संथस्विंग यांच्या आवाजाच्या मुद्द्याने मात्र माझा विरोध होत नाही, मला बळच मिळते. त्यांनी चेंडू कानाने, पटरवर निवडला, म्हणजे ग्रीनपासूनच निवडला! स्विंग संथ म्हणून मऊ चेंडू घेणे आणि वीस फुटांचा पट त्याने नीट थांबतो म्हणून मऊ चेंडू घेणे यांतून हातात एकच चेंडू येत असला, तरी पहिले कारण चुकीचे आहे आणि दुसरे बरोबर. युरेथेनच्या आवरणाखालीही मऊ गाभ्याचे चेंडू मिळतात; त्यांनी एकदा तसा मारून पाहावा, कोपराचे काय म्हणणे पडते तेही कळेल.

नव्वदीपार यांच्याशी माझा खरा मतभेद उरतो तो जातीच्या सरमिसळीवर. दोन थरांचा चेंडू त्यांनी खुशाल वापरावा. परंतु पहिल्या होलला एक, सातव्याला झाडीत सापडलेला दुसरा आणि तळ्यापुढे खरचटलेला तिसरा, असे केल्यावर चिप झेंड्यापलीकडे गेली ती हाताने की चेंडूने, हे त्यांना कसे कळणार?

नव्वदीपार

नाही कळत, हे कबूल करतो. पुढच्या पाच फेऱ्या एकाच जातीच्या दोन थरांच्या चेंडूने खेळून पाहतो आणि ग्रीनजवळचा प्रत्येक फटका कुठून मारला व कुठे थांबला ते गुणपत्रिकेच्या मागे टिपून ठेवतो. तळ्यापुढे मात्र जुनाच काढणार.

फेरीअखेर (धागाकर्ता)

जरूर काढा. फक्त तो जुना त्याच जातीचा असू द्या. पहिल्या दोन फेऱ्यांतच तसे पुरेसे जमतील.