जर्मन डिस्ट्रॉयरचं मॉडेल: आधी तारीख की आधी गोंद?

सुकाणू:
गेल्या आठवड्यात एका सदस्याने झेड-३१ या जर्मन डिस्ट्रॉयरचं (विनाशिकेचं) १/३५० प्रमाणातलं मॉडेल दाखवलं. सफाई अशी की सांधा शोधून सापडत नाही. फक्त खालच्या पाटीवर लिहिलंय ‘मे १९४५’ आणि पुढे ऐटीत बसलंय १५ सेंटिमीटरचं दुहेरी टरेट, म्हणजे दोन तोफांचं फिरतं तोफघर. जानेवारी १९४५ मध्ये नॉर्वेतल्या बर्गनजवळ ब्रिटिश क्रूझरांनी ते टरेट निकामी केलं होतं आणि दुरुस्तीत त्या जागी १०.५ सेंटिमीटरची एकच तोफ आली. हे सांगितलं तर उत्तर आलं, "एवढं कोण बघतं?" त्यावरून तिथे इतका काथ्याकूट झाला की म्हटलं, वेगळा धागाच काढू.

माझं मत स्पष्ट आहे. महायुद्धातली जर्मन डिस्ट्रॉयर करायची तर आधी तारीख ठरवा, मग गोंदाची बाटली उघडा. झेड-३१ ज्यातली, त्या १९३६अ वर्गाचंच बघा. आराखड्यात पुढे दुहेरी टरेट होतं, पण टरेट वेळेत तयार झाली नाहीत, म्हणून पहिल्या नौका पुढे एकेरी तोफ घेऊनच समुद्रावर गेल्या. झेड-२६ मार्च १९४२ मध्ये आर्क्टिकमध्ये बुडाली, ती टरेटचं तोंड न बघताच. झेड-२८ ची तर मांडणीच निराळी: दोन तोफा पुढे, दोन मागे, चारही सुट्या. १९४४ पासून विमानविरोधी तोफांची खोगीरभरती झाली ती वेगळीच. एकाच वर्गातल्या दोन बहिणी शेजारी ठेवल्या तर सख्ख्या वाटत नाहीत.

डबाउघड्या:
ते सदस्य म्हणजे मीच, नमस्कार. 😄

सुकाणूसाहेब, १२७ मीटरची नौका १/३५० मध्ये ३६ सेंटिमीटर होते. मीटरभर उंचीचा कठडा तीन मिलिमीटरही भरत नाही. मला आठवड्यातून एक रविवार रात्र मिळते, तीही पोरं झोपल्यावर. डब्यात जे आलं ते मी नीट जोडलं. तुमच्यासारख्या अभ्यासूंची कपाटं मी पाहिली आहेत: दहा संच, एकही पूर्ण नाही, कारण मालकाला ‘अजून एक फोटो’ हवाय. माझी निदान टेबलावर उभी आहे.

पितळी पत्रा:
कपाटाचं वर्मी लागलं. माझ्याकडे सात आहेत.

तरी मी सुकाणूंच्या बाजूने, पण त्यांच्याइतका निश्चिंत नाही. बांधणीचे नकाशे ‘कसं असायला हवं होतं’ ते सांगतात, प्रत्यक्षात काय बसवलं ते नाही. फोटो प्रत्यक्ष सांगतो, पण त्याखालची ओळ कोणी आणि किती वर्षांनी लिहिली ते बघा. एकाने चुकीची तारीख छापली की पुढचे तीच उतरवतात. झेड-३९ चं उदाहरण घ्या. युद्धानंतर अमेरिकनांनी ती नेली, डीडी-९३९ असा क्रमांक दिला, तपासली, भरपूर फोटो काढले. म्हणजे आपल्यासाठी मेजवानी! पण तो अवतार १९४५ चा. त्याच फोटोंवरून लोक १९४३ ची झेड-३९ करतात आणि ‘संदर्भासहित’ म्हणून मिरवतात.

रंगाचं तर विचारूच नका. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर लाल जवळजवळ काळा येतो आणि निळा फिकट. अशा फोटोवरून करड्या रंगाची छटा ठरवणं म्हणजे लग्नाच्या कृष्णधवल फोटोवरून शालूचा रंग सांगणं.

खाडीकाठ:
तुम्ही दोघं तपशिलावर भांडताय, मला विषयच पटत नाही. या नौकांचं कौतुक म्हणजे दुरून डोंगर साजरे. ४५ किलोचा गोळा हलत्या डेकवर हातांनी भरायचा. पुढचं टरेट इतकं जड की नाक लाटेत घुसायचं. उच्च दाबाचे बॉयलर सतत आजारी. एप्रिल १९४० मध्ये नॉर्वेतल्या नार्विकला एका आठवड्यात दहा बुडाल्या. त्याआधी फेब्रुवारीत झेड-१ आणि झेड-३ गेल्या, त्या जर्मनांच्याच विमानाच्या हल्ल्याच्या गोंधळात आणि सुरुंगांत. सुरुवातीच्या २२ पैकी उरल्या दहा.

आणि आपल्याकडे? १९४९ मध्ये ब्रिटनकडून आलेल्या आयएनएस राजपूत, रणजीत, राणा. राजपूत म्हणजे पूर्वीची एचएमएस रॉदरहॅम, युद्ध बघितलेली. त्यांचं मॉडेल या धाग्यावरच्या किती जणांनी केलंय? जर्मन करड्याच्या पाच छटा पाठ, आणि राजपूतचा रंग विचारला की सगळे गप्प.

सुकाणू:
राजपूतचा टोला मान्य. पण नौका सदोष होती म्हणून मॉडेल करू नये हे पटत नाही. उलट तिच्या चुका अंगावरच दिसतात. आधीच्या नौकांचं सरळ नाक पाणी घ्यायचं, म्हणून झेड-२० पासून ते पुढे झुकलेलं केलं. नार्विकजवळ रॉम्बाकच्या फियोर्डच्या (चिंचोळ्या खाडीच्या) टोकाला, तिथे गेलेल्या दहांपैकी गेऑर्ग थीलेचा सांगाडा आजही पाण्याबाहेर दिसतो. जाऊन मोजा, बोट लावून बघा. किती जहाजांच्या बाबतीत असं म्हणता येतं?

मधली आळी:
एक राहिलंच. पुढच्या डेकवर विमानांना ओळख पटावी म्हणून रंगवलेल्या खुणेत स्वस्तिक असतं, ते लावायचं का? जर्मनीत कायद्यामुळे खोक्यावरच्या चित्रातून आणि डेकॅलमधून (मॉडेलवर चिकटवायच्या छापील खुणांमधून) ते गाळतात. माझ्या आईने मॉडेल बघून विचारलं, "उलटं का काढलंस?" उलटं नाहीये, आपल्यासारखंच उजवीकडे वळलेलं, फक्त ४५ अंशात कललेलं. ते समजावण्यात अर्धा तास गेला. शेवटी मी लावलं नाही. दिवाणखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला तोच अर्धा तास कोण देणार?

पितळी पत्रा:
मी लावतो. आणि मॉडेल अभ्यासिकेत ठेवतो, दिवाणखान्यात नाही. ती खूण काढून नुसतं सुबक जहाज उरवलं तर ते कोणासाठी लढत होतं तेही पुसलं जातं.

मधली आळी:
अभ्यासिका असलेल्यांनी बोलू नये. आम्ही वन बीएचके.

डबाउघड्या:
बरं, माझा निर्णय ऐका. टरेट उपटून नवी तोफ बसवायची तर दोन रविवार आणि रंगाची वाट. नवी पाटी छापायला दहा रुपये. ‘मे १९४५’ काढून ‘१९४४’ करतो. तेव्हा टरेट जागेवर होतं ना? विषय संपला.

सुकाणू:
१९४४ मधला कोणता महिना?