सतरा सप्टेंबरचा सजीव देखावा: लेकरांना रझाकार करायचं का नाही?

मांजराकाठ
परवा इथंच एकानं लिहिलं की मराठवाडा मुक्तिसंग्रामाचे देखावे, नाटकं, सिनेमे सगळे बंद करा. ज्याला इतिहास पाहिजे त्यानं पुस्तक वाचावं. लेकरांच्या हातात लाकडी तलवारी देऊन द्वेष शिकवू नका. दोन ओळींत उत्तर देणं जमेना, म्हणून वेगळा धागा काढला.

पुस्तक वाचा म्हणता, तर कोणतं? शाळेत आम्हाला मुक्तिसंग्राम एका परिच्छेदात संपवला होता. पुण्याला शिकायला गेलो तेव्हा खोलीतल्या पोराला पटेना की १५ ऑगस्ट १९४७ नंतरही आमचा मुलूख हैदराबादच्या निजामाकडंच होता, अन् तिरंगा लावला म्हणून स्वामी रामानंद तीर्थांना तुरुंगात टाकलं होतं. १३ महिने उशिरानं आलेलं स्वातंत्र्य हे कुणाच्या गावीच नाही. मला जे काही माहीत आहे ते गावातल्या देखाव्यातून. तालमीला म्हातारी माणसं यायची, पाराशी बसायची अन् रझाकारांचा, म्हणजे निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळीचा, प्रसंग आला की ओरडायची, "असं नव्हतं रे, ते रात्री आले होते, वेशीकडून नाही, नदीकडून आले होते." कागदावर नसलेलं हे आम्हाला तालमीत मिळालं.

इंग्लंडातलं उदाहरण देतो. ऑरग्रीव्ह नावाच्या ठिकाणी १८ जून १९८४ ला संपावरचे खाणकामगार अन् पोलीस यांच्यात मोठी धुमश्चक्री झाली. बीबीसीच्या बातमीत दृश्यांचा क्रम उलटा लागला. आधी दगड, मग घोडेस्वार पोलीस. कामगारांचं म्हणणं होतं की आधी घोडे अंगावर आले. २००१ मध्ये जेरेमी डेलर या कलावंतानं तो अख्खा दिवस तिथंच पुन्हा उभा केला. हजारेक माणसं होती, त्यात दोनशेच्या आसपास जुने खाणकामगार. त्याचं चित्रीकरण टीव्हीवरही दाखवलं. बातमीनं बिघडवलेला क्रम देखाव्यानं नीट केला. आता सांगा, बंद काय करायचं?

बिंदुसरा
तो मजकूर माझाच आहे. तुमचं डोकं फिरलं असेल तर फिरू द्या, मी मागं घेणार नाही.

तुमच्या पाराशी बसणारी माणसं आता राहिली कुठं? ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं ते गेले. आज तालीम घेतो तो मोबाइलवर सिनेमाचे तुकडे पाहून. माझ्या बहिणीच्या लेकाच्या शाळेत गेल्या वर्षी देखावा बसवला. रझाकार कोण होणार म्हणून विचारलं तर वर्गातल्या एकुलत्या एक मुसलमान पोराकडं बोट दाखवलं, "तुझ्याकडं टोपी आहेच की." ते पोरगं नाही म्हणालं नाही. पुढं दोन महिने मधल्या सुट्टीत त्याला रझाकार म्हणूनच हाक मारायचे. हा तुमचा इतिहास?

अन् शोएबुल्ला खान कुठल्या देखाव्यात दिसला तुम्हाला? 'इमरोज'चा संपादक. भारतात सामील व्हा असं छापलं म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत रझाकारांनी त्याला मारलं. तोही मुसलमानच होता. त्याला एकदा उभा करा स्टेजवर, मग बोला.

पूर्णाकाठी
शोएबुल्ला खान सगळ्यांना माहीत आहे. आता पुढच्या दमात सुंदरलाल समिती येणार, हेही माहीत आहे.

माझ्या आजोबांचा वाडा जाळला. आजी पोटुशी होती, बैलगाडीत घालून रात्रीतून हद्दीपलीकडं नेली, कडब्याखाली लपवून. थोरला काका तिथंच छावणीत जन्मला. परत आले तेव्हा कणग्यांची राख अन् जळका उंबरा तेवढा उरला होता. आमच्या घरात याबद्दल कुणी पुस्तक लिहिलं नाही, लिहिणार कोण? गावातल्या देखाव्यात ते दोन मिनिटं दाखवतात, गाडी अन् कडबा. आजी जिवंत होती तोवर दर वर्षी पुढं बसून बघायची. तुम्ही तेही बंद करायला निघालात. आधी आमची राख दाखवा, मग बाकीच्यांचं बघू.

बिंदुसरा
सुंदरलाल समिती येणारच, कारण ती आपल्याच जिल्ह्यांत फिरली होती. फौजा १३ सप्टेंबरला शिरल्या, १७ ला निजाम शरण आला, अन् त्यानंतरच्या दिवसांत मुसलमानांच्या ज्या कत्तली झाल्या त्या नेहरूंनीच पाठवलेल्या समितीनं लिहून ठेवल्या. मेलेल्यांचा अंदाज २७ ते ४० हजार. सगळ्यात वाईट जिल्हे उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड. अहवाल किती वर्षं दाबून ठेवला होता ते विचारा. तुमच्या आजीचा कडबा खरा आहे. शेजारच्या गल्लीत ज्यांची विहीर बुजवली त्यांची आजीही खरीच होती, अन् ती कधीच पहिल्या रांगेत बसली नाही.

पूर्णाकाठी
मारणाऱ्याची अन् मरणाऱ्याची एकच रांग करू नका. आमच्या आळीतल्या कुणी हात उचलला नाही, उलट दोन कुटुंबं आमच्याच माळवदावर लपली होती.

बिंदुसरा
मग तेच दाखवा की! माळवदावर लपलेली दोन कुटुंबं. कडबा दाखवता, माळवद का नाही?

देवगिरीकर
दोघंही जरा थांबा. लेकरांच्या देखाव्यापेक्षा मोठी अडचण कॅमेऱ्याची आहे. १९२० मध्ये रशियात पेत्रोग्राडला क्रांतीच्या तिसऱ्या वर्षदिनी हिवाळी महालावरचा हल्ला पुन्हा करून दाखवला, हजारो माणसं घेऊन. दिग्दर्शक निकोलाय एव्रेइनोव. १९१७ ची खरी रात्र त्यामानानं किरकोळ होती. पण देखाव्याचा फोटो हात फिरवून पुस्तकांत छापला गेला तो १९१७ चा म्हणून. देखावा भारी झाला की खरी गोष्ट त्याच्याखाली गाडली जाते.

लांब कशाला जाता? २०२५ मध्ये संभाजी महाराजांवरचा सिनेमा आला, तर बऱ्हाणपूरजवळ असीरगडाच्या आसपासची शेतं लोकांनी रात्री टॉर्च लावून खणली, मुघलांचं सोनं सापडेल म्हणून. त्याच मार्चमध्ये खुलताबादच्या औरंगजेबाच्या कबरीवरून काय वातावरण होतं ते आम्ही इथं राहून भोगलं. माझं दुकान त्या रस्त्याला आहे, आठवडाभर गिऱ्हाईक नव्हतं. पडद्यावरचं पाहून माणूस खरं कुदळ-फावडं उचलतो. म्हणून जबाबदारी दाखवणाऱ्याची आहे, 'फक्त मनोरंजन' म्हणून सुटता येत नाही.

कपडेपटवाले
आमचा धंदाच ड्रेपरीचा, म्हणून बोलतो. मंडळं येतात अन् मागतात 'रझाकाराचे दहा ड्रेस'. काळी दाढी, हिरवा कपडा, हातात तलवार. जुने फोटो काढून बघा, गणवेशात रांगेनं कवायत करणारे, बंदूक खांद्यावर, काहींना मिसरूडही फुटलेलं नाही. तो फोटो मी दाखवला तर म्हणाले, "हे रझाकार वाटतच नाहीत." गणवेश अन् बंदूक दिली तर पब्लिकला कळत नाही म्हणे. मग दाढी डकवून देतो, भाडं मिळतं.

अन् भाषा! निजामाचा तहसीलदार पुण्याच्या मराठीत धमकी देतो, आपला शेतकरी कोल्हापुरी बोलतो. मालिकांतही तेच. आमच्या बाजूचं माणूस पडद्यावर 'करायलाय', 'जायलाय' म्हणताना कधी ऐकलंत? कचेरीचा कारभार उर्दूत होता, शाळा उर्दूत, उस्मानिया विद्यापीठ १९१८ पासून उर्दूतच शिकवत होतं. माझे आजोबा पत्र उर्दूत लिहायचे, हरिपाठ मराठीत म्हणायचे. असा माणूस एकाही सिनेमात नाही.

पूर्णाकाठी
उर्दूचं कौतुक पुरे. ती आमच्यावर लादलेली होती. मराठी शाळा काढायची तर परवानगी लागायची. १९३८ ला 'वंदे मातरम्' म्हणाले म्हणून औरंगाबादच्या अन् उस्मानियाच्या पोरांना काढून टाकलं, ती नागपूरला जाऊन शिकली.

कपडेपटवाले
लादलेली होती हे मीही म्हणतो. पण होती ना? देखाव्यात सतरा सप्टेंबर दाखवायचा अन् तहसील मराठीत चालवायची, हे खोटंच.

मांजराकाठ
आमच्याकडं ट्रंकेत सगळे कागद उर्दूच आहेत. खासरा पाहणी, सातबाऱ्याच्या आधीचे. वडील गेल्यापासून कुणाला वाचता येत नाहीत.

देवगिरीकर
२०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला शिंदे समिती बसली तेव्हा हेच झालं. मोडी अन् उर्दू वाचणारे शोधत फिरावं लागलं. आमच्या तालुक्याला एका म्हाताऱ्या मौलवींकडं माणसं रांगा लावायची. लोकांच्या आरक्षणाचे पुरावे त्यांनी वाचून दिले.

पूर्णाकाठी
त्यांनी वाचून दिले, बरोबर. माझ्या मामांची नोंदही त्यातच निघाली. पण त्यासाठी ७५ वर्षं का थांबावं लागलं? मुंबईत बसलेल्यांना निजामकाळ म्हणजे बिर्याणी अन् हिरे एवढाच माहीत. पाण्याचं तसंच, रेल्वेचं तसंच. १९६० ला बिनशर्त सामील झालो, त्याची किंमत अजून मोजतोय.

मांजराकाठ
धागा देखाव्याचा आहे, अनुशेषाचा नाही. त्याला वेगळा काढा.

बिंदुसरा, त्या पोराकडं बोट दाखवलं ते वाईट झालं. तिथं मास्तर काय करत होता हा प्रश्न पहिला. तरी बंदीला माझा विरोधच राहील. बंद केल्यानं ते पोरगं वाचत नाही, सिनेमाचे तुकडे मोबाइलवर फिरतच राहतात, अन् त्यांना उत्तर द्यायला गावाकडं काही उरत नाही. पीटर वॉटकिन्सनं २००० मध्ये पॅरिस कम्यूनवर, म्हणजे १८७१ ला पॅरिसच्या लोकांनी बंड करून शहराचा कारभार हातात घेतला त्यावर, पावणेसहा तासांचा सिनेमा केला. दोनशेच्या वर माणसं, बहुतेक नट नसलेली. कम्यूनच्या विरोधकांच्या भूमिकांसाठी त्यानं पुराणमतवादी वर्तमानपत्रात जाहिरात देऊन खरोखर तशा विचाराची माणसं बोलावली अन् मधेच भूमिकेतून बाहेर येऊन वाद घालू दिला. आपल्याकडं तेवढे पैसे नाहीत, पण तालमीत दोन्ही आळ्यांची माणसं बसवायला पैसे लागत नाहीत.

बिंदुसरा
बसवाल का खरंच? का नुसतं लिहायला? तुमच्या गावात मंडळाच्या अध्यक्षाला विचारा माळवद दाखवू देतो का. तो हो म्हणाला तर मी माझं 'बंद करा' एका वर्षापुरतं बाजूला ठेवतो. एकाच वर्षापुरतं.

पूर्णाकाठी
माळवद दाखवायला माझी हरकत नाही. आमच्याच घराचं आहे. पण कडबा आधी येईल अन् गाडी खरी पाहिजे, थर्माकोलची नको. बदनापूरच्या दगडाबाई शेळक्याही आल्या पाहिजेत; बंदूक घेऊन लढलेली बाई आमच्या देखाव्यात कधीच नसते, पोरींना नुसतं रडायला उभं करतात.

कपडेपटवाले
दगडाबाईंचा ड्रेस माझ्याकडून, भाडं नको. दाढ्या मात्र यंदा देणार नाही, गणवेश न्या. अन् तहसीलदाराच्या तोंडी चार वाक्यं उर्दू घाला; देवगिरीकर, त्या मौलवींचा नंबर मिळतो का विचारा, संवाद तेच लिहून देतील.

देवगिरीकर
विचारतो. मांजराकाठ, तुमच्या ट्रंकेतल्या कागदांचे फोटोही काढून ठेवा, एकाच खेपेत दाखवून घेऊ.