साकुराची सहल : तारीख आधी ठरवावी की वाट आधी आखावी?

चैत्रवारा (मूळ लेख)

चेरीचा, म्हणजेच साकुराचा, बहर पाहायला जपानला जाणाऱ्यांसाठी लिहिलेले एक प्रवासटिपण गेल्या आठवड्यात वाचनात आले. त्यातला सल्ला थोडक्यात असा होता : मार्चच्या शेवटच्या आठवड्याचे तिकीट वर्षभर आधी काढा, टोकियो आणि क्योतो एवढेच करा, आणि पूर्ण बहर हुकला तर सहल वाया गेली असे समजा. त्याखाली आभार मानणाऱ्यांची रांग लागलेली पाहून मला राहवले नाही, म्हणून हे सविस्तर उत्तर लिहीत आहे.

टोकियोत फुले उमलल्याची अधिकृत घोषणा होते ती यासुकुनी मंदिराच्या आवारातल्या एका ठरावीक झाडावर पाच-सहा फुले उघडली की. ही घोषणा २०२०, २०२१ आणि २०२३ मध्ये १४ मार्चला झाली, तर २०२४ मध्ये २९ मार्चला. म्हणजे लागोपाठच्या दोन वर्षांत पंधरा दिवसांचा फरक पडला. जी तारीख झाडालाच ठाऊक नसते, ती वर्षभर आधी छातीठोकपणे सांगणे हे वाचकांची दिशाभूल करणे आहे. उन्हाळ्यातच तयार झालेल्या कळ्या हिवाळाभर सुप्त असतात, पुरेशी थंडी मिळाल्यावर त्यांची झोप मोडते आणि मग वाढत्या उबेच्या हिशेबाने त्या फुगू लागतात. तिथे एक ढोबळ नियम वापरतात : १ फेब्रुवारीपासून रोजच्या कमाल तापमानाची बेरीज ६०० अंशांवर गेली की फुले येतात. हिवाळा फारच सौम्य गेला तर झोप नीट मोडत नाही, म्हणूनच अलीकडे काही वर्षी दक्षिणेकडच्या कागोशिमात टोकियोनंतर फुले उमलली.

यावर उपाय साधा आहे. बहर एका जागी थांबून राहत नाही. दक्षिणेकडच्या क्यूशू बेटावर मार्चच्या उत्तरार्धात सुरू होऊन तो मेच्या सुरुवातीला उत्तर टोकाच्या होक्काइदो बेटापर्यंत पोहोचतो, आणि डोंगरावर पायथ्याकडून माथ्याकडे चढतो. त्यामुळे शहर पक्के करून तारखेच्या मागे धावण्यापेक्षा एप्रिलचा पूर्वार्ध निवडावा, टोकियोत उतरावे आणि त्या वर्षीचा बहर जिथे असेल तिकडे, उत्तरेला किंवा उंचावर, सरकावे. अशी वाट आखली तर फुले मुळीच न दिसण्याची शक्यता फार थोडी उरते.

हिशेबनीस

लेख अभ्यासपूर्ण आहे, हे मान्य करतो. पण तो ज्याच्याकडे वेळ आणि पैसा दोन्ही मोकळे आहेत अशा प्रवाशासाठी लिहिलेला आहे. ज्याला रजा सहा महिने आधी मागावी लागते, ज्याच्यासोबत मुले आणि वडीलधारी माणसे आहेत, त्याने "बहर असेल तिकडे सरकावे" म्हणजे नेमके काय करावे? चौघांचे सामान रोज उचलायचे, की ऐन हंगामात संध्याकाळी खोली शोधत फिरायचे?

आपण उमलण्याच्या तारखा दिल्यात, पण पूर्ण बहराच्या दिल्या नाहीत. २०२०, २०२१ आणि २०२३ या तिन्ही वर्षी टोकियोचा पूर्ण बहर २२ मार्चच्या सुमारास होता, २०२२ मध्ये तो २७ मार्चला होता, २०२४ मध्ये ४ एप्रिलला आणि २०२५ मध्ये ३० मार्चला. आता २७ मार्च ते ५ एप्रिल हा काळ घ्या : लवकर बहरलेल्या वर्षांत निदान गळत्या पाकळ्या आणि उशिरा फुलणारी झाडे, बाकीच्या वर्षांत भर बहर. ज्या टिपणावर आपण रागावला आहात, त्यातला सल्ला सामान्य कुटुंबासाठी बराचसा बरोबरच आहे.

शिवाय खर्च पाहा. सात दिवसांचा जपान रेल्वे पास ऑक्टोबर २०२३ पर्यंत २९,६५० येनला मिळत असे. तो एका रात्रीत ५०,००० येनचा झाला, आणि नोझोमी या सर्वांत वेगवान गाडीत बसायचे तर त्यावर वेगळे पैसे. या दरवाढीचा मला अजूनही संताप येतो. पूर्वी पास हातात असला की आज इकडे, उद्या तिकडे करता येत होते. आज तुमच्या सरकत्या सहलीचा खर्च कोण देणार?

वृक्षवेडा

आपण दोघेही एकाच झाडाबद्दल भांडत आहात, याकडे लक्ष वेधतो. या सगळ्या तारखा सोमेई-योशिनो या एका जातीच्या आहेत. ती कलमानेच वाढवतात, त्यामुळे देशभरातली तिची झाडे आनुवंशिकदृष्ट्या सारखी असतात, आणि म्हणूनच एका शहरातली सगळी झाडे एकदम फुलतात व एकदम गळतात. तिच्यावर सगळी सहल बेतली की जुगार होणारच.

इझू द्वीपकल्पातला कावाझूचा साकुरा फेब्रुवारीतच फुलतो. क्योतोच्या निन्नाजी मंदिरातली बुटकी ओमुरो झाडे शहरातला बहर ओसरल्यावर फुलतात. दुहेरी पाकळ्यांच्या जाती त्याही नंतर येतात. टोकियोच्या शिंजुकु ग्योएन बागेत इतक्या जाती आहेत की एप्रिलच्या उत्तरार्धातही काही झाडे फुललेली सापडतात. नारा प्रांतातल्या योशिनो डोंगरावर सुमारे ३०,००० झाडे आहेत, बहुतेक रानसाकुराची. खालचे, मधले, वरचे आणि आतले अशा चार टप्प्यांत बहर चढत जातो, त्यामुळे एप्रिलच्या पूर्वार्धात गेल्यास एखादा टप्पा तरी सहसा फुललेला भेटतो. फुकुशिमातला मिहारूचा ताकिझाकुरा हा झुकत्या फांद्यांचा वृक्ष हजार वर्षांहून जुना मानतात आणि १९२२ पासून तो राष्ट्रीय नैसर्गिक स्मारक आहे. त्या एका झाडासमोर उभे राहणे मला शहरातल्या शेकडो झाडांहून मोलाचे वाटते.

सांजफूल

वृक्षवेडा दादा, आपले म्हणणे पटते, पण योशिनोचे नाव घेताना तिथला चढही सांगायला हवा होता. माझ्या आईला घेऊन गेले होते. ती काठी घेऊन चालते. खालच्या टप्प्यापर्यंत ठीक होते, पुढे रस्ता चढत गेला, बससाठीची रांग वळणाच्याही पलीकडे पोहोचली होती, आणि आईने "तू वर जाऊन ये, मी इथेच बसते" असे म्हटले तेव्हा माझा जीव तुटला. त्याउलट उत्तरेच्या अकिता प्रांतातले काकुनोदाते गाव सपाट आहे. सामुराई वाड्यांच्या काळ्या कुंपणांवरून झुकलेला साकुरा आणि शेजारी हिनोकिनाई नदीकाठची दोन किलोमीटरची रांग तिने स्वतःच्या पावलांनी पाहिली. ते एप्रिलच्या उत्तरार्धातच जमते, म्हणून हिशेबनीसांचा मार्चअखेरीचा आग्रह मला सर्व कुटुंबांसाठी योग्य वाटत नाही.

रानवाटा

तारखांची चर्चा चालू द्या, पण तिथे गेल्यावर आपण कसे वागतो यावर कोणी बोलणार आहे की नाही? टोकियोच्या उएनो बागेत आपल्याच भाषेत मोठमोठ्याने बोलणाऱ्या एका गटातला माणूस चित्रफितीसाठी फांदी धरून हलवत होता, पाकळ्यांचा पाऊस पडावा म्हणून. बाजूला चटई टाकून बसलेले एक वृद्ध जोडपे गप्प राहून पाहत होते. मी त्याला थांबवले, तर "झाड काय तुमचे आहे का?" असे उत्तर मिळाले. सहलीचे वेळापत्रक सांगणाऱ्या लेखांत याविषयी एक ओळही नसते.

हिशेबनीस

रानवाटा, झाले ते वाईटच, पण एका माणसावरून सगळ्या पर्यटकांना धारेवर धरण्याचे कारण नाही. आम्ही मुलांना घेऊन जातो आणि त्यांना शिस्तीने वागवतो. प्रत्येक चर्चेत परदेशात गेलेल्या आपल्या माणसांना नावे ठेवण्याची ही सवय मला खटकते. जपानी लोकही साकुराखाली बसून मद्य पितात आणि गोंधळ घालतात. शिंजुकु ग्योएनमध्ये मद्याला बंदी उगाच नाही.

रानवाटा

"त्यांचेही चुकते" हे उत्तर नव्हे. पाहुणा म्हणून गेलेल्याची जबाबदारी अधिक असते. आपण शिस्तीने वागता याचा आनंद आहे. मग फांदी हलवणाऱ्याची बाजू घेण्याची गरज कोणती?

हिशेबनीस

मी त्याची बाजू घेतलेली नाही, आणि माझ्या तोंडी नसलेले शब्द घालू नयेत ही विनंती नव्हे, अपेक्षा आहे.

ओसाकावासी

बरीच वर्षे इथे राहत असल्याने दोघांनाही थोडे थांबवतो. फांदी हलवणे दिसते, म्हणून त्याचा राग येतो. पण मुळांवरून चालण्याने होणारे नुकसान दिसत नाही. साकुराची मुळे उथळ असतात, हजारो पावलांखाली माती घट्ट होते आणि मुळांना हवा व पाणी मिळेनासे होते. अनेक ठिकाणी झाडांभोवती दोर बांधलेले असतात ते त्यासाठी. छायाचित्रासाठी दोर ओलांडणाऱ्यांत सर्व देशांचे लोक असतात, इथलेही. शहरांतल्या पुष्कळ सोमेई-योशिनो झाडांचे आता वय झाले आहे, त्यात लाल मानेच्या परदेशी भुंग्याच्या अळ्या खोड पोखरत आहेत. हा भुंगा २०१२ मध्ये आइची प्रांतात आढळला आणि २०१८ पासून कायद्याने घातक परकी प्रजाती ठरला आहे. अशा झाडांना गर्दीचा भार सोसत नाही.

क्योतोच्या गिओन या जुन्या वस्तीत २०२४ मध्ये खाजगी गल्ल्या पर्यटकांना बंद झाल्या, आत शिरल्यास १०,००० येन दंडाचे फलक लागले. त्याच वर्षी फुजिकावागुचिको गावाने फुजी पर्वताचे छायाचित्र घेणाऱ्यांच्या गर्दीला कंटाळून रस्त्याकडेला काळा पडदा उभारला. हे सांगण्याचे कारण मूळ प्रश्नाशीच जोडलेले आहे : सगळ्यांनी एकाच आठवड्यात दोनच शहरांत जायचे ठरवल्यावर दुसरे काय होणार? म्हणून चैत्रवारा यांचा सल्ला केवळ फुले मिळण्याच्या दृष्टीने नव्हे, तर झाडांच्या आणि इथल्या रहिवाशांच्या दृष्टीनेही मला योग्य वाटतो.

एक दुरुस्ती मात्र करतो. उत्तरेकडे गेले की हमखास बहर मिळतो, असे समजू नये. उत्तरेकडच्या हिरोसाकी शहराचा साकुरा उत्सव एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीला ठेवलेला असतो, पण अलीकडे काही वर्षी गोल्डन वीक (एप्रिलअखेरीपासूनच्या सलग सुट्ट्या) सुरू होण्याआधीच तिथला बहर ओसरला. तिथल्या किल्ल्याच्या खंदकावर पाकळ्यांचा थर पाहायलाही लोक येतात, ही गोष्ट वेगळी.

चैत्रवारा

ओसाकावासी, दुरुस्ती योग्य आहे, आणि तीच माझ्या मुद्द्याला बळ देते. हिरोसाकीची तारीखसुद्धा वर्षभर आधी पक्की करता येत नाही. क्योतोच्या जुन्या रोजनिशींतून व नोंदींतून इ. स. ८१२ पासूनच्या बहराच्या तारखा संशोधकांनी जमवल्या आहेत, आणि २०२१ चा २६ मार्च ही त्या बाराशे वर्षांतली तोवरची सर्वांत लवकरची तारीख ठरली. पूर्वीच्या प्रवाशांचे अनुभव आजच्या झाडांना लागू होत नाहीत, हे त्यावरून समजावे.

हिशेबनीस, खर्चाचा आपला आक्षेप मी टाळत नाही. पास परवडत नसेल तर घेऊ नये. टोकियो ते क्योतो एका बाजूचे शिंकान्सेन या अतिवेगवान रेल्वेचे भाडे सुमारे १४,००० येन पडते, तेव्हा जाऊन-येऊन एवढाच लांबचा प्रवास असेल तर पास तोट्याचाच आहे. योशिनोला जाणारी किंतेत्सू तर खाजगी रेल्वे आहे, तिथे हा पास चालतही नाही. आणि सरकायचे म्हणजे रोज सामान उचलायचे, असे मी म्हटलेले नाही. एकाच ठिकाणी मुक्काम ठेवून तिथून एका दिवसात जाऊन येण्यासारख्या तीन-चार जागा हाताशी ठेवाव्यात : एक सखल, एक उंचावरची, एक उत्तरेची. जानेवारीपासून खाजगी हवामान कंपन्यांचे अंदाज येऊ लागतात. सरकारी हवामान खात्याने स्वतः अंदाज देणे २०१० मध्येच थांबवले, ते आता फक्त निरीक्षण जाहीर करते. मार्चच्या मध्यापर्यंत चित्र बरेच स्पष्ट होते आणि कोणत्या दिवशी कुठे जायचे, हे तेव्हा ठरवले तरी चालते.

हिशेबनीस

"एकाच ठिकाणी मुक्काम" हे मूळ लेखात असते तर माझा निम्मा विरोध झालाच नसता. टोकियोत मुक्काम ठेवून कोरियामा शहरापर्यंत शिंकान्सेन आणि तिथून स्थानिक गाडीने मिहारू, हे एका दिवसात होते, असे मी आत्ताच नकाशावर पाहिले. तो वृक्ष सहसा एप्रिलच्या मध्याला फुलतो, आणि मुलांच्या शाळेमुळे मला ५ एप्रिलच्या पुढे थांबता येत नाही. म्हणजे आपला सगळा आराखडा कितीही सुंदर असला, तरी त्यातली उत्तरेची जागा माझ्या कुटुंबाच्या उपयोगाची नाही. मी २७ मार्च ते ५ एप्रिल हाच काळ ठेवणार आहे. खोल्या मात्र रद्द करता येण्याजोग्या घेईन, एवढे आपल्या म्हणण्यावरून बदलतो. क्योतो वगळणार नाही.

वृक्षवेडा

क्योतो ठेवाच, पण ५ एप्रिलपूर्वी निन्नाजीच्या ओमुरोची आशा धरू नका. बहर उशिरा येणार असा अंदाज निघाला, तर राजवाड्याच्या बागेत उत्तरेच्या बाजूला झुकत्या फांद्यांची झाडे आहेत. ती सोमेई-योशिनोच्या आधी फुलतात, आत जायला शुल्क नाही आणि वाट सपाट आहे.

सांजफूल

वाट सपाट असली तरी तिथे सगळीकडे जाड खडी आहे, चाकाच्या खुर्चीला ती जड जाते. वडीलधाऱ्यांना नेणार असाल तर हिशेबनीस, हे आधी लक्षात घ्या.