काट्याचा मीटर ओहमच्या ×१ रेंजवर शून्य दाखवत नाही, पंपाचं वाइंडिंग कसं मोजू?

गुहागर_बागायत: विहिरीवरचा १ एचपी सिंगल फेज मोनोब्लॉक (मोटर-पंप एकत्र) पावसाळाभर बंद होता. आता सुपारीला पाणी लावायचं तर मोटर नुसती घुमते, फिरत नाही. मीटरचे प्रोब एकमेकांना टेकवून नॉब पूर्ण फिरवला तरी ×१ वर काटा शून्यावर येत नाही, ×१के वर येतो. ×१०के वर वाइंडिंग ते बॉडी काटा जरा हलतो. मोटर जळली का?

देवगड_वायरमन: मीटर बरा आहे, सेल उतरलेत. पट्टीच्या मध्यावर २० ओहम असलेल्या ३ व्होल्टच्या मीटरमधून ×१ वर प्रोब टेकवले की ०.१५ अँपिअर जातो, ×१के वर त्याचा हजारावा भाग. म्हणून उतरलेला सेल आधी ×१ वरच कळतो. सेल बदलताना आतल्या पत्र्या बघा. आपल्या खाऱ्या हवेत हिरवा थर धरतो. पॉलिश पेपरने घासा, प्रोबची टोकंही. रेंज बदलली की शून्य परत लावायचं. ओहमची पट्टी उलटी असते, शून्य उजवीकडे, डावीकडे आकडे दाटतात. काटा मध्याच्या आसपास येईल अशी रेंज घ्या.

मालवण_रिवाइंडिंग: घुमते म्हणजे आधी वीज तोडून शाफ्ट हाताने फिरतो का बघा. मग कपॅसिटर १०० वॅटच्या साध्या बल्बमधून डिस्चार्ज करून सोडवा. तो ×१के वर धरला की काटा उसळून हळूहळू परत आला पाहिजे. उसळलाच नाही तर कपॅसिटर गेला.

वाइंडिंग ×१ वर मोजा. रन म्हणजे चालवणारं, स्टार्ट म्हणजे सुरू करणारं, कॉमन म्हणजे दोघांचं सामाईक टोक. कॉमन-रन ४ ओहम आणि कॉमन-स्टार्ट ९ आलं तर रन-स्टार्ट १३ यायला हवं. स्टार्ट ओपन (तुटलेलं) दाखवत असेल तर लगेच रिवाइंडिंगला देऊ नका. सेंट्रिफ्यूगल स्विच (मोटरने वेग घेतला की स्टार्ट वाइंडिंग तोडणारा) असलेल्या मोटरमध्ये त्याचे पॉइंट गंजूनही तसंच दिसतं. मागचं कव्हर काढून पॉइंट घासा, पुन्हा मोजा.

गुहागर_बागायत: आणि बॉडीचं?

देवगड_वायरमन: दोन्ही प्रोबच्या धातूला बोटं लागली होती का? ×१०के वर अंगाचा रेझिस्टन्सही मोजला जातो, घामेजले हात असले तर जास्तच. एक प्रोब क्लिपने लावून परत बघा. तरी काटा हलला तर बहुतेक दमट आहे. मोटर उघडून दोन दिवस कडक उन्हात वाळवा. नंतर ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या मीटरने) तपासून घ्याच. काट्याचा मीटर जेमतेम ९-१२ व्होल्ट देतो, त्याच्या ‘ठीक’वर विसंबू नका. १ मेगओहमच्या खाली आलं तर सप्लाय देऊ नका. विहिरीच्या काठी माणूस ओल्या पायांनीच उभा असतो.